भाच्याला प्लँट ऑपरेशनमध्ये जायचंय. शिकायचं कुठे आणि कसं?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, तोही स्वतःसाठी नाही.

माझा भाचा यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झाला. वरणगावच्या पुढे बहिणीचं गाव. घराच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. लहान असल्यापासून त्याचा एकच प्रश्न, "मामा, तिथे आत काय चालतं?" आता त्याला खरंच आत जायचंय. मेंटेनन्सला नाही, ऑपरेशनला. प्लँट चालवणारा माणूस व्हायचंय म्हणतो.

त्याच्यासमोर सध्या तीन वाटा आहेत. एका औष्णिक केंद्रात वर्षभराची डिप्लोमा अप्रेंटिसशिप मिळू शकते, पण स्टायपेंड तुटपुंजा आणि पुढे नोकरीची हमी नाही. कोकणातल्या एका केमिकल कंपनीने ट्रेनी ऑपरेटर म्हणून बोलावलंय, तिथे पगार बरा आणि राहायची सोय आहे. तिसरी वाट म्हणजे शहरातली एक खासगी संस्था. सहा महिन्यांचा 'पॉवर प्लँट ऑपरेशन' कोर्स, फी सव्वा लाख, आणि शंभर टक्के नोकरी असं छापील पत्रकावर लिहिलंय. बहीण पोत गहाण टाकायला निघाली आहे, म्हणून माझी झोप उडाली.

मी शाळेत कारकून. यातलं मला काही कळत नाही. ऑपरेटर म्हणजे नुसती बटणं दाबायची का? की त्यात खरंच शिकण्यासारखं असतं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

शिफ्टवाला_चंद्रपूर | रात्री १०:०५

पोत गहाण टाकू देऊ नका. बाकीचं पाळी संपली की लिहितो.

---

लालदिवा | रात्री ११:२०

तापीकाठ, तुमच्या भाच्याच्या प्रश्नाने बरं वाटलं. मी औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटच्या संचांवर (संच म्हणजे एक बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून) एकतीस वर्षं काढली. आधी फील्डवर, मग डेस्कवर, शेवटी पाळीप्रमुख म्हणून.

बटणं दाबणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. २१० चा संच पूर्ण लोडवर असताना तासाला साडेसहाशे ते सातशे टन वाफ बनते. दाब चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास, तापमान ५४० अंश. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे फिरतंय. या सगळ्याला लागणारं पाणी ड्रममध्ये (बॉयलरच्या वरची टाकी, जिथे वाफ पाण्यापासून वेगळी होते) फार थोडं असतं. बॉयलरला पाणी देणारा फीडपंप बंद पडला आणि कोणी काही केलं नाही, तर ड्रम रिकामा व्हायला मिनिटभरच पुरतं. तेवढ्या वेळात पुस्तक उघडून बघता येत नाही. आधी जे हाडामासात मुरलंय तेच कामी येतं.

आणि ते मुरवतात कसं? मला पहिले तीन महिने पॅनेलला हात लावू दिला नव्हता. आमचे पाळीप्रमुख म्हणाले, "हॉटवेलपासून (वाफेचं परत झालेलं पाणी जमतं ती जागा) इकॉनॉमायझरपर्यंत (बॉयलरचं पाणी आधी तापतं ती जागा) पाणी कुठून जातं ते चालत जाऊन बघ, आणि वहीत काढून आण." मी काढून नेलं. त्यांनी वही बघून विचारलं, "हा व्हॉल्व्ह पायऱ्यांच्या डाव्या हाताला आहे की उजव्या?" मला सांगता येईना. परत पाठवलं. अशी ती एकच लाइन मी पाच वेळा चाललो. आज निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण डोळे मिटले की तो व्हॉल्व्ह उजव्या हातालाच दिसतो.

अजून एक सांगतो. दाबाखालची, तापलेली कोरडी वाफ गळत असली तर ती डोळ्याला दिसत नाही. पांढरं धुकं दिसतं ते पुढे, वाफ थंड झाल्यावर. गळतीच्या तोंडाशी नुसता आवाज असतो. आमचे जुने फिटर अशा आवाजाकडे जाताना लांब दांड्याचा खराटा पुढे धरून एकेक पाऊल टाकत. खराट्याच्या काड्या ज्या जागी कापल्या गेल्या, तिथे वाफ. ज्याला हे कोणी दाखवलं नाही, तो हात पुढे करून चालत जातो. मी शिकण्यासारखं म्हणतो ते हे.

---

ओली_वाळू | रात्री ११:३२

काका, खराट्याचं वाचून अंगावर काटा आला.

एक मिनिटाचं गणित मात्र आमच्या घरी रोज चालतं. गॅसवर दूध ठेवून फोन घेतला की आई तिथूनच ओरडते, "लेव्हल बघ गं!"

---

रसायनी_कट्टा | मंगळवार, सकाळी ७:१५

लालदिवा काकांबद्दल आदर आहे, पण माझं मत थोडं वेगळं. मी केमिकलमध्ये चौदा वर्षं आहे, त्यातली नऊ पॅनेलवर. मुलाला खरंच प्रोसेस शिकायची असेल तर केमिकल प्लँटमध्ये दोन वर्षांत जितकं बघायला मिळतं तितकं औष्णिकमध्ये पाच वर्षांत मिळत नाही. वीज केंद्रात संच लागला की दिवसच्या दिवस तोच चालतो. आमच्याकडे बॅच रोज सुरू होते, रोज संपते. रोज गरम करा, थंड करा, व्हॅक्यूम लावा, डिस्टिलेशन घ्या.

आमच्या क्षेत्रासाठी आयटीआयला वेगळा ट्रेडच आहे, 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लँट', दोन वर्षांचा. त्या मुलांना पंप, कंडेन्सर, कॉलम, ड्रॉइंग वाचणं हे पायापासून शिकवतात. डिप्लोमा मेकॅनिकलवाल्याला रसायनशास्त्र कमी पडतं, पण पंप-पाइपिंग त्याच्या हातातलं असतं. भरून काढता येतं.

माझा स्वतःचा प्रसंग सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. ट्रेनी असताना एका रिॲक्टरचा ढवळणारा पंखा रात्री बंद पडला. वरून कच्चा माल थेंब थेंब चालू होता, तो कोणी लगेच थांबवला नाही. वीसेक मिनिटांनी लक्षात आलं. मला वाटलं आता पटकन पंखा चालू करू, सगळं नीट होईल. हात स्विचवर गेला, तेवढ्यात आमच्या सीनियर ऑपरेटरने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बोटं उमटली. म्हणाला, "आत न मिसळलेला माल साचलाय. पंखा फिरला की सगळा एकदम पेटून उठेल." आधी डोसिंग बंद, मग जॅकेटमध्ये पूर्ण थंडावा, मग वरच्या साहेबांना फोन. पंखा आम्ही पहाटेपर्यंत लावला नाही. तो माणूस आठवी पास होता. त्या रात्री त्याने आठ जणांचा जीव वाचवला असं मी आजही मानतो.

---

तापीकाठ | सकाळी १०:५०

रसायनी_कट्टा, हे आमच्या कार्यालयातल्या दोघांना वाचून दाखवलं.

एक शंका. 'फील्ड' आणि 'पॅनेल' हे शब्द सगळेच वापरता. त्यात नेमका फरक काय? भाच्याला सुरुवातीला कुठे टाकतील?

---

मोगरा_आणि_मीटर | दुपारी १:०५

तापीकाठ दादा, मी सांगते. फील्ड ऑपरेटर प्रत्यक्ष प्लँटमध्ये फिरतो. पंपाला हात लावून कंप बघतो, बेअरिंगचं तापमान, तेलाची पातळी, गळती, आवाज बघतो, व्हॉल्व्ह हाताने उघडतो-बंद करतो. पॅनेलवाला किंवा डेस्कवाला नियंत्रण कक्षात बसून पडद्यावर सगळा प्लँट बघतो आणि तिथून चालवतो. फील्डवाला त्याचे डोळे-कान. सुरुवात फील्डवरच होते आणि तशीच व्हायला हवी.

मी आधी एका खत कारखान्यात अमोनिया प्लँटवर होते. आता ६६० मेगावॉटच्या संचावर डेस्कला आहे. लालदिवा काका ड्रमबद्दल बोलले, आमच्या संचाला ड्रमच नाही. दाब २२१ बारच्या वर गेला की पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही, त्यामुळे वेगळं करायला ड्रम लागत नाही. पाणी एका टोकाने जातं, दुसऱ्या टोकाने वाफ होऊन निघतं. म्हणजे चूक सावरायला साठा आणखी कमी. भुसावळच्या दीपनगरलाही आता ६६० चा संच आहे, भाच्याने दोन्ही प्रकार समजून घ्यावेत.

धाग्यावर अजून कोणी विचारलं नाही, तरी मुलींच्या आईवडिलांसाठी लिहिते. मुली हे काम उत्तम करतात. मला पहिल्या वर्षी फील्डवर पाठवायला साहेब कचरत होते, "मॅडम, तुम्ही कंट्रोल रूममध्येच बसा." मी हट्टाने गेले. बॉयलरच्या वरच्या मजल्यापर्यंत दिवसातून दोनदा चढले. फील्ड न केलेला माणूस पॅनेलवर आंधळा असतो, आणि मला आंधळं राहायचं नव्हतं. खरी अडचण वेगळीच होती. फील्डच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हतं. त्यासाठी अर्ज केला, पाठपुरावा केला, आठ महिन्यांनी झालं. आता माझ्यामागून आलेल्या चौघी ते वापरतात.

---

शिफ्टवाला_चंद्रपूर | दुपारी ३:३०

झोप झाली, आता लिहितो.

आधी कोर्सचं. नागपूरला गोपाळनगरात राष्ट्रीय ऊर्जा प्रशिक्षण संस्था आहे, एनपीटीआय. ती केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाची. तिथे इंजिनीअरांसाठी औष्णिक केंद्राचा वर्षभराचा पदव्युत्तर डिप्लोमा असतो, डिप्लोमावाल्यांसाठी पोस्ट-डिप्लोमा असतो, आणि सिम्युलेटर आहे, म्हणजे सरावासाठी संगणकावर चालणारी प्लँटची नक्कल. सरकारी वीज कंपन्या आपली माणसंही तिथे पाठवतात. कोर्सच करायचा तर आधी तिथली चौकशी करा. फी तिथेही आहे, पण दिलेल्या पैशाला किंमत आहे.

माझं मत, सिम्युलेटरला पर्याय नाही. खऱ्या संचावर वर्षातून किती वेळा कोल्ड स्टार्टअप (थंड संच सुरू करणं) बघायला मिळतो? दोनदा, तीनदा, आणि तेव्हा डेस्कवर जुनी माणसं बसतात, पोरं मागे उभी. सिम्युलेटरवर मी एका दिवसात तीन वेळा लाइटअप केलं (बॉयलर पेटवला), तीन वेळा चुकून संच बंद पाडला. चौथ्यांदा बंद पडला नाही. खऱ्या प्लँटमध्ये एवढ्या चुका कोण करू देणार?

अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ ला जे झालं ते प्रत्येक ऑपरेटरने अभ्यासावं. दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा सांगत होता की तो बंद आहे. खरं तर त्या दिव्याला व्हॉल्व्हची स्थिती माहीतच नव्हती. व्हॉल्व्हला 'बंद हो' असा आदेश गेला आहे, एवढंच तो दाखवत होता. ऑपरेटरांनी दिव्यावर विश्वास ठेवला. दाब राखणाऱ्या टाकीतली पाण्याची पातळी चढलेली दिसली म्हणून आपत्कालीन थंड पाणी कमी केलं. अणुभट्टीचा निम्मा गाभा वितळला. त्यानंतर तिथे नियंत्रण कक्षाची हुबेहूब प्रतिकृती असलेल्या सिम्युलेटरवर सराव सक्तीचा झाला.

---

लालदिवा | संध्याकाळी ५:१०

शिफ्टवाला, उदाहरण चांगलं दिलंस, पण ते माझ्या बाजूनेही बोलतं. ती माणसं सिम्युलेटरवर शिकलेलीच होती. फक्त हा प्रसंग त्यांच्या सिम्युलेटरमध्ये घातलेला नव्हता. सिम्युलेटर तेवढंच शिकवतो जेवढं बनवणाऱ्याला सुचलं. खरा प्लँट कोणालाच न सुचलेलं करतो.

एक रात्र सांगतो. पॅनेलवर सगळं हिरवं. लोड स्थिर, ड्रम लेव्हल स्थिर. फक्त डीएम पाण्याचा मेकअप (कमी झालेल्या पाण्याच्या जागी घालायचं शुद्ध पाणी) दोन पाळ्यांपासून हळूहळू चढत होता. एखाद्याने 'ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी) जास्त झालं असेल' म्हणून सोडून दिलं असतं. माझा फील्डचा माणूस, बावीस वर्षांचा पोरगा, म्हणाला, "साहेब, फीडचा फ्लो वाफेच्या फ्लोपेक्षा वीस टनांनी जास्त दिसतोय, हे पाणी जातंय कुठे?" तो उठला आणि बॉयलरचा एकेक मजला चढत गेला. प्रत्येक मॅनहोलच्या दाराला लोखंडी सळई टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं. तिसऱ्या मजल्यावरून त्याचा फोन आला, "साहेब, इथे शिट्टी ऐकू येतेय." ट्यूब फुटली होती. सकाळपर्यंत तशीच चालवली असती तर शेजारच्या दहा ट्यूब त्या फवाऱ्याने कापल्या असत्या. संच ठरवून खाली आणला, तीन दिवसांत परत लागला. त्या पोराला सळई कानाला लावायला कुठल्या सिम्युलेटरने शिकवलं?

---

शिफ्टवाला_चंद्रपूर | संध्याकाळी ५:४५

काका, सळईचं मान्य, शंभर टक्के. पण वीस टनांचा फरक त्याला दिसला तो आकडे एकमेकांशी लावून बघायची सवय होती म्हणून. ती सवय सिम्युलेटरवरही लागते. मी इतकंच म्हणतो की दोन्ही हवं.

---

लालदिवा | संध्याकाळी ५:५२

चालेल. पण आधी सळई.

---

खडकवासला_९ | रात्री ८:२०

त्या सव्वा लाखाच्या संस्थेबद्दल. ती कुठली ते मला माहीत नाही, पण अशाच एका ठिकाणी माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी ९० हजार भरले. सिम्युलेटर म्हणजे एका खोलीत चार संगणक. चित्र हलायचं, पण व्हॉल्व्ह बंद केला तरी प्रवाह तोच दाखवायचं. 'प्लँट व्हिजिट' म्हणून एका साखर कारखान्याच्या गेटपर्यंत नेलं, आतलं सगळं बाहेरूनच दाखवलं. शेवटी जी 'प्लेसमेंट' दिली ती एका ठेकेदाराकडे हेल्परची, जी गावातल्या मुलांना फुकटात मिळत होती. वडिलांनी कांद्याचे पैसे लावले होते. अजून तो विषय घरात काढत नाही.

पैसे भरण्याआधी तीनच गोष्टी विचारा. मागच्या बॅचच्या पाच मुलांचे फोन नंबर द्या. ते कुठे आणि कोणत्या पदावर आहेत ते सांगा. नोकरी लागली नाही तर किती पैसे परत देणार ते लेखी द्या. तिन्ही मिळालं नाही तर उठून या.

---

तापीकाठ | रात्री ९:००

हे वाचून लगेच बहिणीला फोन केला. पोत कपाटात परत गेली. तुमच्या भावाचं वाईट वाटलं, खरंच.

---

कर्ली_किनारा | रात्री १०:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली).

माझे चुलते कोयनेच्या जलविद्युत केंद्रात होते, त्यांच्याकडून ऐकलेलं. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॉट, त्यातला चौथा टप्पा एकट्याचा १००० चा. औष्णिक संच थंड अवस्थेतून सुरू करायला कित्येक तास लागतात, तिथे पाण्याचा संच काही मिनिटांत लोड घेतो. म्हणून संध्याकाळी राज्यात विजेची मागणी चढली की कोयनेच्या माणसांची धावपळ. 'ऑपरेशन' म्हणजे फक्त कोळसाच नव्हे, हे मुलाला कळू द्या.

अवांतर: चुलते रात्रपाळीहून आले की आम्हा मुलांना पायरीवर आवाज करायची बंदी. काकू खिडक्यांना काळ्या घोंगड्या टांगायच्या. पाळीवाल्याच्या घरात सगळं कुटुंबच पाळी करतं.

---

मोगरा_आणि_मीटर | रात्री ११:१५

घोंगड्यांचं अगदी खरं! माझी सासू दारावर 'झोपली आहे' अशी पाटी लावते. कुरिअरवालासुद्धा आता कुजबुजतो.

---

दख्खनी_वारा | बुधवार, सकाळी ९:३०

सगळं छान चाललंय, पण मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. पोरगा आज बावीसचा, निवृत्त होईल तेव्हा कोळसा असेल का? परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. आता सगळीकडे सौर. मामांनी त्याला बुडत्या जहाजात बसवू नये.

---

शिफ्टवाला_चंद्रपूर | सकाळी ११:००

दख्खनी_वारा, काळजी रास्त आहे. पण आत काय बदलतंय ते ऐका. दुपारी सौर वीज भरपूर येते, तेव्हा कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून (कोणी किती वीज बनवायची ते ठरवणारं केंद्र) लोड कमी करायचा निरोप येतो. संध्याकाळी सूर्य गेला की सगळा लोड परत चढवायचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कोळशाच्या संचांनी टप्प्याटप्प्याने ४० टक्के लोडपर्यंत खाली उतरायला शिकायचं आहे. पूर्वी संच एका लोडवर आठवडाभर उभा असायचा, आता रोज उतरवणं-चढवणं. कमी लोडवर ज्योत अस्थिर होते, धातू रोज तापतो-निवतो, ट्यूब थकतात. म्हणजे ऑपरेटरचं काम कमी झालेलं नाही, अवघड झालंय. रसायनी_कट्टा म्हणाले तो 'दिवसच्या दिवस तोच' काळ संपला.

आणि पंप, व्हॉल्व्ह, दाब, तापमान, परमिट, लॉगबुक ही विद्या कोळशाची नाही. ती कुठेही जाते.

---

आखातातला_देवगडकर | दुपारी २:१०

शेवटचं वाक्य माझ्या आयुष्यात खरं झालंय. इकडे आखातात वीज आणि पिण्याचं पाणी बऱ्याच ठिकाणी एकाच प्रकल्पात बनतं, टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवर समुद्राचं पाणी गोडं करतात. मी महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या कॅप्टिव्ह (कारखान्याच्या स्वतःच्या वापराच्या) पॉवर प्लँटमध्ये सहा वर्षं काढून इकडे आलो. मुलाखतीत त्यांनी प्रमाणपत्र उलटून बघितलं नाही. कागद पुढे केला आणि म्हणाले, "तू चालवलेल्या प्लँटची कंडेन्सेट लाइन काढ." मी काढली, व्हॉल्व्हच्या नंबरांसकट. लालदिवा काका, तुमचीच परीक्षा होती ती.

---

रसायनी_कट्टा | दुपारी ४:००

एक राहिलंच. बॉयलर असलेल्या कुठल्याही कारखान्यात कायद्याने प्रमाणित बॉयलर अटेंडंट लागतो, प्रथम किंवा द्वितीय वर्गाचा. मोठ्या बॉयलरवर बॉयलर ऑपरेशन इंजिनीअर (बीओई). या परीक्षा राज्याचं बाष्पके संचालनालय घेतं. डिप्लोमावाल्याला ठरावीक काळ बॉयलरवर काम केल्याचा दाखला मिळाला की बीओईला बसता येतं. तोंडी परीक्षा कडक असते, पण एकदा मिळालं की साखर, कागद, औषधं, कापड, सगळीकडे दार उघडतं. भाच्याने जिथे जाईल तिथे पहिल्या दिवसापासून अनुभवाची नोंद नीट ठेवावी.

आणि एक कळकळीचं. कुठेही गेला तरी 'इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी सोय) बायपास कर, मी सांगतोय ना' म्हणणारा कोणीतरी भेटेलच. लेखी परवानगीशिवाय हात लावू नको म्हणावं. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती, वायू धुणारा स्क्रबर चालू नव्हता, वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची पाइप काढून ठेवलेली होती. संरक्षणं होती, पण एकेक करून काढून घेतलेली. नवीन पोराला हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

---

चिमणीखालची | संध्याकाळी ६:२५

अणुवीज कोणी लिहिलं नाही म्हणून. तारापूरला १९६९ पासून वीज बनते. अणुऊर्जा महामंडळ आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) डिप्लोमा आणि बी.एस्सी. वाल्यांना स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून घेतात. शिकताना पैसे मिळतात, आणि प्रशिक्षण नीट पार पडलं की तिथेच पद. अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात बसायचं तर पुढे परवान्याची वेगळी परीक्षा असते. प्रवेश परीक्षेला गणित-विज्ञान पक्कं हवं. भाच्याने जाहिरातीवर लक्ष ठेवावं, अप्रेंटिसशिप करता करताही अर्ज भरता येतो.

---

लालदिवा | रात्री ८:०५

तापीकाठ, एवढं सगळं झालं, पण तुमचा मूळ प्रश्न तसाच राहिला. तीनपैकी कुठली वाट?

तिसरी सोडा. पहिल्या दोनमध्ये मी पगार बघणार नाही. दोन्हीकडे एक फोन करून विचारा, 'पहिले सहा महिने मुलाला कोणाच्या हाताखाली ठेवणार?' नाव सांगितलं, 'अमुक पाळीप्रमुखाबरोबर' असं उत्तर आलं, तर तिथे पाठवा. 'बघू, जिथे माणूस कमी असेल तिथे' असं आलं, तर तिथे तो स्वस्त मजूर होईल, ऑपरेटर नाही. औष्णिकच हवं असं मी म्हणत नाही, रसायनी_कट्टाच्या त्या आठवी पास माणसाच्या हाताखाली गेला तरी सोनं होईल.

---

रसायनी_कट्टा | रात्री ८:३०

काकांशी सहमत. फोनवर विचारायचा प्रश्न अगदी बरोबर.

---

तापीकाठ | शुक्रवार, रात्री १०:१५

मंडळी, दोन्हीकडे फोन केले. कोकणातल्या कंपनीतून उत्तर आलं, "आल्यावर ठरवू." औष्णिक केंद्रातल्या प्रशिक्षण विभागातल्या बाईंनी मात्र पाच मिनिटं बोलून सांगितलं की पहिले तीन महिने बॉयलर, मग टर्बाइन, मग पाणी शुद्धीकरण, आणि प्रत्येक ठिकाणी एका ठरलेल्या सीनियरबरोबर. भाच्याला हा धागा पूर्ण वाचायला दिला. त्याने ठरवलं, अप्रेंटिसशिप. अणुऊर्जेची जाहिरात आली की तोही अर्ज भरणार. बहिणीला पैशाची थोडी ओढाताण होईल, तेवढं मी बघतो.

सगळ्यांचे मनापासून आभार.

---

तापीकाठ | साडेचार महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ११:३०

धागा वर काढतोय, राग मानू नका.

भाचा काल सुट्टीवर आला होता. दोनशे पानी वही घेऊन आला, कोपरे तेलाने काळे झालेले. त्यात पेन्सिलीने फीडवॉटरची लाइन काढलीय, पाच पानं जोडून. लालदिवा काका, तुमची गोष्ट आठवली म्हणून मी सहज एका व्हॉल्व्हवर बोट ठेवून विचारलं, "हा पायऱ्यांच्या कुठल्या हाताला?"

तो हसला नाही. डोळे मिटले, दोन क्षण थांबला, आणि म्हणाला, "मामा, जाताना डावा. पण मी परवा उलट बाजूने आलो होतो, तेव्हा उजवा लागला. सोमवारी परत बघून येतो."

---

लालदिवा | दुपारी १२:०५

त्याला सांगा, सोमवारी बघितल्यावर वहीत उत्तर दिशेची खूणही काढ.